ठिणगी फुलते कशी: ग्राइंडरवरच्या ठिणग्या सेकंदाला हजार फ्रेमनं टिपल्या त्याच्या नोंदी

मागच्या गुऱ्हाळ हंगामात चरकाची एक पिन करून दिली होती. बार 'ईएन-८' (मध्यम कार्बनचं, कणखर पोलाद) म्हणून विकत घेतलेला. महिन्याभरात पिन वाकली, चरक थांबला आणि तोडून आणलेला ऊस दोन दिवस उन्हात पडून राहिला. गुऱ्हाळवाल्यापुढं मान खाली घालून उभं राहावं लागलं. परत आलेल्या पिनेचं टोक अण्णांनी ग्राइंडरला टेकवलं, दोन सेकंद ठिणग्या बघितल्या आणि म्हणाले, "ह्यो साधा एमएस हाय. ठिणगी फुलंनाच की." एमएस म्हणजे माइल्ड स्टील, कमी कार्बनचं मऊ पोलाद. साध्या पोलादात कार्बन जास्त असला की ठिणगी टोकाला काटे फुटून फुलते; कमी असला की फुलत नाही.

अण्णा आमच्या वर्कशॉपात चाळीस वर्षं फिटर. या नोंदी केल्या तेव्हा ते मार्च २०२५ मध्ये काम थांबवणार होते. ठिणगीवरून पोलाद ओळखायची रीत जुनी आहे. बुडापेस्टच्या माक्स बेरमान या इंजिनिअरनं ती १९०९ मध्ये पद्धतशीर मांडली. अण्णांना ती त्यांच्या उस्तादाकडून मिळाली. मला मात्र ते बोट दाखवून "ही बघ, फुलली" म्हणेपर्यंत ठिणगी विझलेली असते. म्हणून ठरवलं, अण्णा आहेत तोवर त्यांना जे दिसतं ते सावकाश करून साठवायचं. कोल्हापुरात असं काम करू शकणारी पोरं भरपूर आहेत. कुणी करायला घेतलं तर माझे तीन महिने त्याचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सेकंडहँड सोनी आरएक्स१०० मार्क ४ घेतला, ३६,००० रुपयांना. सेकंदाला १००० फ्रेम काढतो, पण सलग फक्त २ सेकंद, आणि चित्र ११३६ बाय ३८४ ठिपक्यांचं, म्हणजे लांबट पट्टी. मेनूत टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती असतात: हजार फ्रेमसाठी 'पाल' निवडावं लागतं; 'एनटीएससी' ठेवलं तर ९६० मिळतात. २५ फ्रेमनं दाखवलं की २ सेकंदांचे ८० सेकंद होतात.

त्याआधी मोबाइलवर प्रयत्न करून झाला होता. माझ्या मोबाइलमधलं '९६०' खरं नव्हतं. मधल्या फ्रेम तो स्वतः रचतो. गाडी किंवा पाण्याचा थेंब असेल तर चालतं. ठिणगी एका फ्रेममध्ये असते आणि पुढच्या फ्रेममध्ये तिची चार तोंडं झालेली असतात, तिथं रचलेली फ्रेम म्हणजे चक्क खोटी साक्ष. मोबाइल घेऊन कुणी बसणार असेल तर आधी हे तपासा.

आज मशिनं बंद. लेथ, ड्रिल, ग्राइंडर यांच्या ओळीत कॅमेराही ठेवला, त्यालाही हळद-कुंकू, झेंडूचं फूल.

२० ऑक्टोबर

पहिला दिवस, ४ इंची अँगल ग्राइंडरवर. एकही क्लिप ठेवण्यासारखी नाही.

हा ग्राइंडर ११,००० आरपीएमनं फिरतो. चाकाच्या कडेचा वेग काढला तर सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर. म्हणजे हजार फ्रेममध्येसुद्धा ठिणगी एका फ्रेममध्ये ५८ मिमी पुढं जाते. शिवाय ग्राइंडर हातात, त्यामुळं झोत प्रत्येक वेळी वेगळीकडं.

दुसरा घोळ फोकसचा. हाय फ्रेम रेटच्या, म्हणजे हजार फ्रेम टिपायच्या, तयारीत गेलं की फोकस आणि झूम तिथंच बांधले जातात. मी आधी तयारीत गेलो आणि मग फोकस शोधत बसलो. सात क्लिपा धूसर. आता क्रम असा: ठिणग्या जिथून जाणार त्या जागी पट्टी उभी धरायची, पट्टीवरच्या आकड्यांवर हातानं फोकस करायचा, मग तयारीचं बटण.

'एंड ट्रिगर' सुरू ठेवला, ते बरं झालं. त्यात बटण दाबल्यानंतरचे नाही, दाबायच्या आधीचे २ सेकंद साठतात. ठिणगी चांगली वाटली की मग दाबायचं. साठवायला मिनिटभराहून जास्त वेळ लागतो, तोवर कॅमेरा दुसरं काही करत नाही. एका तासात वीसपेक्षा जास्त क्लिपा होत नाहीत, हे धरूनच चाला.

२ नोव्हेंबर, पाडवा

घरी पोरांच्या फुलबाज्या. कॅमेरा बाहेर काढलाच. फुलबाजीत लोखंडाचा कीस असतो, आणि ती चांदणी फुटते तेही तेच काम: तापलेला कण हवेत जळतो, आतल्या कार्बनचा वायू होतो, कण फुटतो. वेग कमी, जागा ठरलेली, त्यामुळं सरावाला यापेक्षा चांगलं काही नाही. ग्राइंडरच्या आधी फुलबाजी घेतली असती तर फोकस आणि ट्रिगर दोन्ही तिथंच शिकून झालं असतं.

१० नोव्हेंबर

८ इंची बेंच ग्राइंडरवर आलो. २८५० आरपीएम, कडेचा वेग सेकंदाला ३० मीटर. एका फ्रेमला ३० मिमी. अर्ध्यावर आलो.

बेंच ग्राइंडरच्या दगडाची पुढची बाजू खाली जाते, म्हणून ठिणग्याही खाली जातात. कॅमेऱ्याची पट्टी मात्र आडवी. झोत दहा सेंटिमीटरमध्ये चित्राबाहेर. मग ३ मिमी पत्र्याचा एल वाकवून कॅमेरा ट्रायपॉडवर उभा बसवला. आता उंची ४०० मिमी मिळते, रुंदी साधारण १३५. झोत त्यात बरोबर मावतो. ही लांबट पट्टी आधी उणीव वाटत होती, या कामाला तीच सोयीची निघाली. व्हिडिओ नंतर फिरवून घ्यायचा.

मागं काळा पडदा म्हणून सुती कापड लावलं होतं, २२० रुपयांचं. तिसऱ्या क्लिपनंतर जळका वास. कापडात आठ-दहा भोकं आणि एका कडेला धुमसत चाललेली लाल रेघ. बादली जवळ होती म्हणून निभावलं. ठिणग्या बाजूलाही उडतात, हे मला माहीत असायला हवं होतं. कापड बंद. पत्र्याच्या तुकड्यावर काळा रंग मारून बघितला, पण तो चमकतो आणि त्यात ठिणग्यांचं प्रतिबिंब पडतं. शेवटी अण्णांनी उपाय सांगितला: रॉकेलच्या चिमणीवर पत्रा फिरवून काजळी धरायची. फुकटात झालं आणि त्याच्याइतकं काळं दुसरं काही सापडलं नाही. फक्त हात लावायचा नाही.

१७ नोव्हेंबर

आजची नोंद नीट वाचा. दोन रविवार यात गेले.

सगळ्या ठिणग्या पांढऱ्याफटक येत होत्या. रंग नाही, रेघ जाड, फाटे एकमेकांत मिसळलेले. मला वाटलं उजेड जास्त होतोय, शटरचा वेग वाढवू. एक चतुर्थांश हजारांश केलं, म्हणजे १/४०००. रेघा आखूड झाल्या, पण तेवढ्याच पांढऱ्या. १/८००० केलं. अजून आखूड, तितक्याच पांढऱ्या. आणि दगड, घासायचा जॉब, तो टेकवायचा विसावा सगळं अंधारात गेलं.

रात्री जेवताना उलगडलं. ठिणगी एका जागी थांबतच नाही. चित्रातल्या एका ठिपक्यावर ती असते ती एका क्षणाच्या छोट्या तुकड्यापुरती, मग पुढच्या ठिपक्यावर. शटर कितीही उघडं ठेवलं तरी त्या एका ठिपक्याला मिळणारा उजेड तेवढाच. शटरनं फक्त रेघेची लांबी बदलते: १/१००० ला ३० मिमी, १/४००० ला साडेसात, १/८००० ला पावणेचार. उजळपणा कमी करायचा तर भिंगाचं तोंडच बारीक करायला हवं.

जेवण झाल्यावर परत वर्कशॉप उघडलं. एफ ११ (म्हणजे भिंगाचं तोंड बारीक), आयएसओ १२५ (म्हणजे उजेडाला कॅमेरा कमी हळवा). पहिल्याच क्लिपमध्ये रंग आला. दगडाजवळ तांबूस, पुढं नारिंगी, त्याच्या पुढं पिवळी. मी एकटाच होतो, तरी मोठ्यानं "आलं!" म्हणालो.

तेव्हा सूत्र असं: ठिणगी किती उजळ हे भिंगाच्या तोंडावर, रेघ किती लांब हे शटरवर, आणि आजूबाजूचं लोखंड दिसतं की नाही हे दोन्हींवर. एफ ११ ला आजूबाजूचं काहीच दिसत नाही, म्हणून दिवे हवेत.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

सकाळी मतदान करून आलो, मग दिवे.

वर्कशॉपमधला एलईडी फ्लड लावला तर क्लिपमध्ये सगळं लुकलुकतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, पण हजार फ्रेममध्ये दर दहाव्या फ्रेमला एक हेलकावा. बघताना डोकं दुखतं. हॅलोजन वीजवाहिनीवर लावला तरी हेलकावा राहतोच, जरा कमी.

उपाय गाडीत होता. टेम्पोची १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचे दोन एच४ बल्ब, ५५ वॅटचे. बॅटरीची वीज सरळ, हेलकावा शून्य. बल्ब प्रत्येकी १९०, होल्डर ९०. होल्डर प्लास्टिकच्या डब्यात बसवू नका, वितळतो. मी पत्र्याच्या डब्यात बसवले. दगडापासून वीतभर अंतरावर, बाजूनं.

२४ नोव्हेंबर

कॅमेऱ्याला कसं वाचवायचं हे लिहायचं राहून गेलं होतं. आज भिंग समजून बोट फिरवलं तर खरखर लागली. घाबरून नीट बघितलं: ती खरखर कॅमेऱ्याच्या काचेला नव्हती, पुढं टेकवलेल्या फोटो फ्रेमच्या काचेला होती. नशीब म्हणून मागच्या वेळी ती उभी केली होती. काचेत लोखंडाचे बारीक कण वितळून बसलेत, नखानं निघत नाहीत. काचेत बसलेला हा कण बारकाईनं बघितला तर गोल मणी दिसतो, काळा, चकचकीत. म्हणजे तो आला तेव्हा पातळ होता.

आता मोबाइलच्या स्क्रीनला लावतात ती टफन काच वापरतो, ५० रुपये. दोन दिवसांत एक जाते. काच भिंगाला समांतर ठेवू नका, हेडलाइटचं प्रतिबिंब पडतं. जरा तिरकी धरली की जातं.

१ डिसेंबर

आता धातू. सहा तुकडे: एमएस, ईएन-८, ईएन-३१, मोडलेली कानस, ३०४ स्टेनलेस आणि बीड (ओतीव लोखंड). बीड आमच्याकडं पैशाला पासरी, शेजारच्या फौंड्रीतून तुटका तुकडा आणला.

एमएसच्या क्लिपमध्ये खाली भरपूर चांदण्या फुटताना दिसल्या. मी गोंधळलो. एमएस फुलत नाही म्हणून तर हे सगळं चाललंय. अण्णांना दाखवलं. त्यांनी क्लिप दोनदा बघितली आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या समद्या एकाच उंचीवर कशा फुटत्यात रं?"

खाली ठिणग्या पकडायला पत्र्याचा ट्रे ठेवला होता. ठिणगी त्याच्या कडेवर आपटून फुटत होती. कार्बनचा त्यात काही संबंध नव्हता. मी हे कधीच बघितलं नसतं. ट्रेमध्ये फौंड्रीची वाळू चार बोटं भरली आणि तो चित्राच्या बाहेर खाली सरकवला. चांदण्या गेल्या.

८ डिसेंबर

मोडलेलं एक हायस्पीड स्टीलचं टूलही आणलं. त्याची ठिणगी मंद लाल, तुटक, फाटे जवळजवळ नाहीत, असं अण्णांनी आधीच सांगून ठेवलेलं. क्लिपमध्ये लाल रेघांच्या मधे मधे भरगच्च फुलं. अण्णा ओरडलेच, "आधी दगड साफ कर की! कानशीचं पोलाद त्यातच बसलंय."

बरोबर. आधीच्या तुकड्याचा अंश दगडाच्या रंध्रात राहतो आणि पुढच्याच्या ठिणगीत मिसळतो. ड्रेसर, म्हणजे दगड खरवडून साफ करायचं अवजार, २५० रुपयांचा, प्रत्येक तुकड्याआधी फिरवायचा. मागच्या रविवारच्या निम्म्या क्लिपा यामुळं टाकून दिल्या. वाईट वाटलं, पण चुकीची क्लिप ठेवून पोरं चुकीचं शिकली तर वाकलेल्या पिनेसारखंच होईल.

दाबही सारखा हवा. हातानं कधी जोर जास्त, कधी कमी, आणि त्यानुसार झोत बदलतो. एक बिजागरीचा दांडा केला, टोकाला १ किलोचं वजन. आता प्रत्येक तुकडा सारखाच टेकतो.

हे करताना दगड बदलावा लागला. झिजून ६ इंचाचा झालेला जुना दगड कपाटात होता, तो चढवला. चढवायच्या आधी बोटात अडकवून लाकडानं ठोकून बघा: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा आहे, फेकून द्या. सुरू केल्यावर मिनिटभर समोर उभं राहायचं नाही. लहान दगडाच्या कडेचा वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे फ्रेमला ३०ऐवजी २२ मिमी. कॅमेरा तोच, पण ठिणगी आणखी सावकाश. जास्त महागडा कॅमेरा घ्यायच्या विचारात होतो, तो विचार या झिजलेल्या दगडानं संपवला.

अजून एक: या दगडावर ॲल्युमिनियम लावू नका. दगड भरून जातो, आणि लोखंडाची गंजकी पूड आणि ॲल्युमिनियमची पूड एकत्र साठली की ठिणगी पडायचीच वाट असते. ती आग पाण्यानं विझत नाही.

१५ डिसेंबर

आजच्या क्लिपा ठेवायच्या. ईएन-८ची एक क्लिप मी किमान तीस वेळा बघितली असेल.

दगडापासून निघताना ठिणगी जवळजवळ दिसतच नाही, मंद लाल ठिपका. दोन बोटं पुढं गेल्यावर ती विझायच्या ऐवजी उजळत जाते. दगडानं दिलेली ऊब पुरत नाही; हवेतला प्राणवायू खात ती स्वतःच तापत जाते. वीतभर अंतरावर पिवळी-पांढरी. मग एक फ्रेम: सरळ रेघ. पुढची फ्रेम: त्याच रेघेच्या टोकाला पाच काटे, दोन लांब, तीन आखूड, एक मागं वळलेला. त्याच्या पुढची: काटे सुटे झालेले, प्रत्येक वेगळ्या वाटेनं. तीन फ्रेम, म्हणजे सेकंदाचे तीन हजारांश. अण्णा चाळीस वर्षं "फुलली" म्हणतात ते हे.

आणि ठिणगी चालता चालता मंदावतेही. ईएन-८च्या एका ठिणगीचं माप काढलं: दगडाजवळ फ्रेमला २१ मिमी, फूटभर पुढं १५.

एमएसची रेघ लांब, सरळ, क्वचित एखादा फाटा. ईएन-३१ मध्ये, ज्यात कार्बन १ टक्क्याच्या आसपास असतो, फुलं भरगच्च आणि दगडापासून जवळच. कानशीत फुलाच्या काट्यालाही पुन्हा फुलं. ३०४ आखूड, नारिंगी, जवळजवळ न फुलणारी. बिडाचा झोत सगळ्यांत आखूड, लालसर, टोकाला मात्र बारीक बारीक फुटणं.

शटरचं एक लक्षात आलं. १/४००० ला फ्रेमच्या वेळातला तीन चतुर्थांश भाग कॅमेरा आंधळा असतो. फूल त्या फटीत उमललं तर गेलं. म्हणून फुलं मोजायची असतील तर १/१०००, काहीच सुटत नाही. फुलाचा आकार बघायचा असेल तर १/४०००. दोन्ही वेगळ्या क्लिपा घ्या, एकातच दोन्ही मिळत नाही.

आतापर्यंतचा खर्च: कॅमेरा ३६,०००, कार्ड १,१५०, बल्ब-होल्डर ५६०, काचा सहा ३००, ड्रेसर २५०, जळालेलं कापड २२०. एकूण ३८,४८० रुपये. वेळ, साधारण नऊ सुट्ट्या.

२२ डिसेंबर

सहाही तुकडे रंगवून त्यावर फक्त आकडे टाकले. अण्णांना डोळ्यांनी ग्राइंडरवर, आणि आयटीआयत शिकणाऱ्या माझ्या भाच्याला आधी तासभर क्लिपा दाखवून मग ग्राइंडरवर. अण्णांचे सहापैकी सहा. भाच्याचे चार, ईएन-३१ आणि कानस त्यानं उलटसुलट केले. अण्णा त्याला म्हणाले, "फुलाच्या काट्याकडं बघ. काट्याला परत फूल आलं की कानस." भाचा पुन्हा क्लिप बघायला बसला. दुसऱ्या खेपेला सहाही बरोबर.

६ जानेवारी २०२५

गुऱ्हाळाची पिन नव्यानं करून द्यायची आहे. नव्या बारची चिठ्ठी ईएन-८ म्हणते. लेथला लावायच्या आधी भाच्यानं टोक दगडाला टेकवलं, दगड आधी साफ करून. वीतभर अंतरावर फुलं, पाच-सहा काट्यांची, काट्याला फूल नाही. शेजारी मोबाइलवर १५ डिसेंबरची क्लिप लावून ठेवली होती. अण्णा मागं उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. बार लेथला चढवला.